एकटीच्या ऑफिसातली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. फिरणारी, पाच चाकांची, निळ्या कापडाची. निळी म्हणायचे ते आता केवळ आठवणीने. बसून बसून माझ्या मधल्या भागाचा रंग कधीच उडाला. रेवदंड्याजवळच्या एका गावात, खाडीकडे तोंड असलेल्या घराच्या वरच्या खोलीत मी राहते. खुर्चीला सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. पण माणूस उभा असताना पुष्कळ गोष्टी लपवतो आणि बसला की त्याला त्या लपवता येत नाहीत. त्याची घाई, त्याची भीती, त्याची दुखरी कंबर, सगळे आमच्यापर्यंत पोहोचते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेवटचा स्क्रू आवळणाऱ्या कामगाराने मला एक गिरकी दिली, हाताने पाठ थोपटली आणि पुढच्या खुर्चीकडे वळला. तेवढेच माझे बारसे. तिथून मी बेलापूरच्या एका ऑफिसात गेले. तिथे माझ्यासारख्या पुष्कळ जणी होत्या. आमच्यावर बसणारी तरुण मुले-मुली दिवसभर प्रोग्राम लिहीत. प्रोग्राम म्हणजे संगणकाने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, हे त्याला समजेल अशा भाषेत लिहून देणे. हे काम फार चिकट असते. एखाद्या जागी माणूस असा अडकतो की समोर असलेली चूकही त्याला दिसत नाही. मग तो जमिनीला पाय रेटून मला शेजाऱ्याकडे सरकवी आणि म्हणे, "ए, जरा बघ ना, माझं डोकंच चालेना झालंय." शेजारी बघे, हसे आणि चूक दाखवून देई. आम्हाला चाके कशासाठी लावली असावीत, ते मला तिथे कळले.

पुढे ते ऑफिस बंद झाले. आम्हा सगळ्यांना एका गोदामात एकमेकींच्या अंगावर रचून ठेवले. माझ्यावर दोन खुर्च्या उलट्या पडल्या होत्या. पत्र्यातून पाणी गळे आणि माझ्या बैठकीत मुरे. एके दिवशी टेम्पो घेऊन एक गृहस्थ तिथे माल पोहोचवायला आले. माल उतरवून झाल्यावर ते आमच्या ढिगापाशी थांबले. एकेक खुर्ची ओढून काढून तिच्यावर बसून पाहू लागले. माझ्यावर बसल्यावर मात्र ते उठलेच नाहीत. गोदामवाल्याला म्हणाले, "ही द्या. पोरीसाठी पायजे."

ते हिरामण. त्यांचे वडील मिठागरावर काम करीत. हिरामण स्वतः टेम्पो चालवतात. त्यांची मुलगी अमिषा नवी मुंबईच्या एका कंपनीत होती. ती नोकरी सोडून ती घरी आली होती आणि स्वतःचे काम स्वतः मिळवून करू लागली होती. तोवर ती पलंगावर, पाठीला उशी लावून बसे. हिरामण मला खांद्यावर घेऊन जिना चढले आणि म्हणाले, "पलंगावर बसून पाठीचा कना मोडशील, बाय. ही घे. हापिसातली हाय, शिकलेली खुर्ची हाय."

अमिषा इतकी हसली! तिने ओल्या फडक्याने मला पुसले, उन्हात ठेवले आणि संध्याकाळी खिडकीपाशी नेऊन टेबलाशी लावले. त्या दिवसापासून मी तिची झाले.

मित्रांनो, एकटीचे ऑफिस कसे असते ते मी तुम्हाला सांगते. तिथे शिपाई तीच, साहेब तीच, आणि कामाला उशीर झाला म्हणून साहेबाने जिला रागवावे तीही तीच. सकाळी कुणाला काम हवे आहे का, याची ती चौकशी करी. दुपारी मिळालेले काम करी. संध्याकाळी दिलेल्या कामातल्या तक्रारी ऐकून घेई. "फक्त एक छोटासा बदल हवाय" हे वाक्य फोनवर आले की तिची पाठ माझ्या पाठीपासून सुटे. छोटा बदल कधी छोटा नसतो, हे मलाही कळू लागले. घराची एक वीट काढायला सांगावी आणि वरचा मजला हलू नये असेही म्हणावे, तसे ते असे.

शिवाय ती घरी बसे. घरी बसणाऱ्या माणसाला काम असते, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. सिलिंडरवाला आला की अमिषा. पाहुण्यांना स्टँडवरून आणायचे की अमिषा. शेजारच्या काकीच्या मोबाईलवरचे फोटो गेले की अमिषा. तिची आई कमळ जिन्याखालून हाक मारी, "अगो, बसूनच हायस ना? जरा सुकटीवर लक्ष ठेव, मी बाजारात जाते." अमिषा उठे, गच्चीत वाळत घातलेल्या सुकटीवरचे कावळे हाकलून परत येई. पण मघाशी डोक्यात लागलेली साखळी तोवर तुटलेली असे. ती पुन्हा पहिल्या कडीपासून सुरू करी. बाहेरच्या माणसाला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त बसलेली मुलगी दिसते.

आणि ती अडकली की? सवयीने जमिनीला पाय रेटी. मी थोडी सरके आणि भिंतीला लागे. शेजारी कुणी नव्हतेच.

खाडीच्या वाऱ्याने माझेही हाल केले. माझ्या दांड्यांना गंज चढला. चाकांत रेती गेली. माझ्या पोटातल्या नळीतली हवा इतकी कमी झाली की सकाळी उंच असलेली मी जेवणवेळेपर्यंत खाली खाली बसत जाई आणि अमिषाची हनुवटी टेबलाला टेकायला येई. हिरामणांनी प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा कापला, उभा चिरून माझ्या नळीभोवती अडकवला आणि म्हणाले, "आता खाली बसून दाखव." तेव्हापासून मी एकाच उंचीवर आहे. दिसायला वाईट दिसते, पण ताठ आहे.

अमिषाने कितीतरी कामे केली. त्यांतले एक काम तिला फार जवळचे होते. अलिबागच्या वाटेवर एक लहान डायलिसिस केंद्र आहे. ज्यांची मूत्रपिंडे थकलेली असतात, त्यांचे रक्त तिथे यंत्राने शुद्ध करतात. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जावेच लागते. एखादी खेप चुकली तर अंगावर सूज येते, धाप लागते, जिवावरही बेतते. पूर्वी तिथे रुग्ण पहाटेपासून येऊन बाकावर बसत. कुणाचा नंबर कधी, याचा घोळ होई. अमिषाने त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिला. प्रत्येकाची पाळी त्यात नोंदलेली असे आणि आदल्या दिवशी सकाळी त्याच्या मोबाईलवर निरोप जाई. तिथल्या केसर सिस्टरनी एकदा फोन करून सांगितले, "अमिषा, आज बाक रिकामं होतं गं. इतकं छान वाटलं!" तो फोन ठेवल्यावर अमिषाने माझ्यावर बसल्या बसल्या एक पूर्ण गिरकी घेतली. कारखान्यातून निघाल्यावर मला मिळालेली ती पहिली गिरकी.

मग तिच्या भावाचे, अल्पेशचे लग्न ठरले.

घर माणसांनी भरले. अंगणात मांडव पडला. माझ्या खोलीत गाद्या, आहेराच्या पिशव्या आणि पितळी समया येऊन बसल्या. त्याच गडबडीत केसर सिस्टरचा फोन आला. केंद्रात नवीन यंत्र आले होते. ते प्रोग्राममध्ये घालायचे होते. "छोटंसंच काम आहे ना गं?" सिस्टरनी विचारले.

अमिषा म्हणाली, "हो, करते."

ती बसली आणि तिने बदल केला. एरवी असा बदल केल्यावर ती खोटे रुग्ण घालून, खोटे दिवस घालून तो तपासून बघे. त्या दिवशी ती तपासायला लागली आणि खालून हाक आली. बांगड्या भरणारी आली होती. नंतर पाहुण्यांना जागा दाखवायची होती. नंतर आणखी काही. तपासणी अर्धी राहिली. उद्या बघू, असे ती मनाशी म्हणाली असावी. मला तिचे फक्त घाईने उठणे कळले.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात लग्नविधींची गाणी म्हणणारी धवलारीण गात होती. अल्पेश पाटावर बसला होता. अमिषा नवऱ्याची बहीण, म्हणजे करवली. तिच्यावाचून काही पुढे सरकत नाही. आणि अशा वेळी जिन्यावर धाडधाड पावले वाजली. अमिषा धावत आली आणि माझ्यावर अक्षरशः कोसळली. तिचे दोन्ही हात हळदीने भरलेले होते. माझे हात पिवळे झाले, टेबल पिवळे झाले, फोन पिवळा झाला. फोनवर केसर सिस्टर होत्या.

"अगं, दुपारचं एकही माणूस आलेलं नाही. मशीनं रिकामी व्हायला लागलीत. एका बाईंना मी फोन लावला तर म्हणतात, मोबाईलवर उद्याचा निरोप आलाय!"

अमिषाने स्क्रीन उघडला. नवीन यंत्र घालताना दुपारच्या सगळ्या पाळ्या एक दिवस पुढे सरकल्या होत्या. प्रोग्रामने आपले काम चोख केले होते. सकाळीच त्या सगळ्यांना चुकीचा निरोप धाडला होता.

तिची बोटे चूक शोधायला धावली. तिला तीच सवय होती. थोडा वेळ ती शोधत राहिली आणि एकदम थांबली. माझ्यावरचे तिचे वजन बदलले, जणू ती आत्ता खरी बसली. ती स्वतःशीच म्हणाली, "हे नंतर. आधी माणसं."

तिने पहिल्या रुग्णाला फोन लावला. लाइन व्यस्त. दुसऱ्याला लावला. त्यांना समजावून सांगेपर्यंत बराच वेळ गेला, कारण ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पण मोबाईलवर तर उद्या लिहिलंय." तिकडे सिस्टर एकट्या, सकाळचे रुग्ण यंत्रावरून उतरवत होत्या. इकडे ही एकटी. खाली हाकांवर हाका. "करवली कुठं हाय? करवलीला बोलवा!"

शेवटी कमळ वर आली. ती रागातच होती. "भाऊ पाटावर बसलाय आनि तू हितं मशीन घेऊन बसलीस? आजच्या दिवशी पन?"

अमिषा वळली. तिच्या गालांवरच्या हळदीतून पाणी वाहत होते. "आई, माझ्या हातून चूक झालीय. आजारी माणसांना मी उद्या या म्हणून सांगितलंय. त्यांना आजच जायला हवं. नाहीतर त्यांच्या जिवाला धोका आहे. मी फोन करतेय, पण मी एकटी पुरी पडत न्हाय गं."

मी कमळच्या चेहऱ्याकडे पाहिले. इतकी वर्षे आपली मुलगी काय करते, हे तिला नीट माहीत नव्हते. काहीतरी टाइप करते, एवढेच. ती स्क्रीनपाशी आली. मग तिने विचारले, "किती मानसां हायत?"

अमिषाने स्क्रीनकडे बोट दाखवले. कमळ गॅलरीत गेली आणि खाली वाकून ओरडली, "काशी वन्सं! सगल्या जनी वर या! मोबाईल घेऊन या!"

आणि मग, मित्रांनो, माझ्या खोलीत जे घडले ते बेलापूरच्या ऑफिसातही मी पाहिले नव्हते. हळद लागलेल्या साड्यांतल्या बायका जिना चढून आल्या. कुणी गादीवर बसली, कुणी आहेराच्या पिशवीवर, कुणी दाराच्या उंबऱ्यात. अमिषा एकेकीला एक नाव आणि नंबर सांगे. "एवढंच सांगा, आजच या, लगेच निघा. आजाराबद्दल काही विचारू नका." सगळ्यांचे आवाज एकदम सुरू झाले. हिरामणांची बहीण काशी आत्या मुळातच मोठ्याने बोलते. पलीकडच्याने तिला विचारले, तुम्ही कोण? तिने ठणकावून सांगितले, "मी नवऱ्याची आत्या! ते जाऊ द्या, तुमचा नंबर आज हाय, उद्या न्हाय. मोबाईलवर खोटं आलंय. निघा लवकर!"

एकेक नाव पुसले जाऊ लागले. हा निघाला, ही निघाली, यांना मुलगा रिक्षाने आणतोय. पण एक नाव तसेच राहिले. बुधाजी. खाडीच्या आतल्या बाजूला, भातशेतीच्या गावात राहणारे म्हातारे गृहस्थ. त्यांचा मुलगा कंपनीत कामाला, घरी नवरा-बायको दोघेच. फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हते.

सिस्टर फोनवर म्हणाल्या, "बुधाजीबाबांना उद्यावर ढकलता येणार नाही गं. मागच्या खेपेलाच त्यांच्या पायांवर खूप सूज होती."

हिरामण तोवर दारात येऊन उभे होते. त्यांच्या टेम्पोतून मांडवात स्वयंपाकाची भांडी उतरवणे चालले होते. त्यांनी फक्त गावाचे नाव विचारले. कुणीतरी म्हणाले, "अरे, हळद चालू हाय, बापानं कुठं जायचं?" तेवढ्यात खालून अल्पेशचा आवाज आला. पाटावरून न उठताच तो ओरडला, "बाबा, तुमी जा! मी काय पलून जात न्हाय!"

टेम्पो गेला. धवलारीण थांबली. मांडवात पाणी आणि सरबत फिरू लागले. अमिषा माझ्यावर बसून होती, पण ती काही करत नव्हती. फोनकडे बघत होती. मित्रांनो, माझ्यावर पुष्कळ माणसे बसली. त्या दिवशीची अमिषा सगळ्यांत जड होती.

पुढचे मला हिरामणांनी नंतर सांगितले तेव्हा कळले. मला म्हणजे घरातल्या सगळ्यांना. मी ऐकत होते. बुधाजी आंब्याखाली खाट टाकून पडले होते आणि फोन घरात चार्जिंगला होता. पाय सुजले होते, श्वास भराभर चालला होता. हळदीने माखलेला अनोळखी माणूस समोर बघून ते म्हणाले, "लग्नाचं बोलावणं करायला आलात काय?"

"व्हय," हिरामण म्हणाले, "पन आधी डायलिसिस, मग लग्न. उठा बाबा."

हिरामणांनी त्यांना आणि त्यांच्या बायकोला पुढे बसवले आणि केंद्रात पोहोचवले. सिस्टरनी फोन केला, "आले गं, बुधाजीबाबा आले. मशीनवर घेतलंय. सगळे आले." खोलीत बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि काशी आत्या म्हणाली, "चला, आता आपल्या नवऱ्याकडं!"

अमिषा मात्र उठली नाही. तिने प्रोग्राममधली चूक शोधली, दुरुस्त केली आणि अर्धी राहिलेली तपासणी पहिल्यापासून शेवटपर्यंत केली. ती खाली गेली तेव्हा मांडवात दिवे लागले होते आणि तिच्या हातांवरची हळद वाळून गेली होती.

लग्न पार पडले. नवी सून रुचिका घरात आली. पाहुणे पांगले. मग एक दिवस केंद्राच्या डॉक्टरांचा फोन आला. अमिषाने आधीच सांगून टाकले, "डॉक्टर, चूक माझी होती. मी तपासणी अर्धी सोडली."

"ते मला सिस्टरनी सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "चुका आमच्याही हातून होतात. तू त्या दिवशी सगळ्यांना आणलंस, ते मी विसरणार नाही. पण मला दुसरंच विचारायचंय. त्या दिवशी तू घरी होतीस म्हणून फोन उचललास. तू आजारी असतीस तर? तू गावाला गेलेली असतीस तर आम्ही कुणाला फोन करायचा?"

अमिषाने जमिनीला पाय रेटले आणि मी मागच्या भिंतीला लागले.

"याचं उत्तर शोध," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "नाही मिळालं तर मला एखाद्या मोठ्या कंपनीकडे जावं लागेल. मनात नसलं तरी."

फोन ठेवल्यावर तिने मला खिडकीकडे वळवले. खिडकीतून खाडीत परतणाऱ्या होड्या दिसत होत्या. स्वतंत्र काम करायचे म्हणून तिने नोकरी सोडली होती. कुणाची परवानगी नको, कुणाची हाजीहाजी नको. ते तिला मिळालेही होते. पण त्याच स्वातंत्र्याने तिला अशा जागी आणून बसवले होते की तिला तापही येऊ देणे परवडत नव्हते.

आगरदांड्याला साहिल नावाचा एक तरुण राहतो. तोही तिच्यासारखेच काम करतो. लॉज आणि घरगुती खानावळींसाठी प्रोग्राम लिहितो. दोघांची ओळख फक्त संगणकावरची. अडले की एकमेकांना विचारायचे, एवढीच. अमिषाने त्याला सगळे लिहून कळवले. तो दुसऱ्याच दिवशी मोटरसायकलवरून आला, मुरूड, काशीद करत, साळावचा पूल ओलांडून. वर आल्यावर त्याने आधी खिडकीतून बाहेर पाहिले आणि म्हणाला, "तुमच्याकडे पण नेटवर्क त्या कोपऱ्यातच येतं का? माझ्याकडे पण फोन खिडकीत टांगूनच ठेवावा लागतो."

दोघे हसले. मग तो म्हणाला, "मला मागे टायफॉइड झाला होता. अंगात ताप असताना मी काम करत होतो. काय लिहिलं ते मला आजही वाचवत नाही. आपल्यासारख्यांनी कुणाला सांगायचं?"

अमिषा उठली आणि मला त्याच्याकडे वळवून म्हणाली, "तू बस. वाच सगळं."

तिच्याशिवाय दुसरे कुणी त्या टेबलाशी पहिल्यांदाच बसत होते. मला अवघडल्यासारखे झाले, आणि तिलाही. साहिल वाचत गेला आणि विचारत गेला. हे असं का? हे दोनदा का? एका ठिकाणी तो थांबला. "प्रोग्रामच्या या भागाचं नाव 'तात्पुरते' का ठेवलंय? हे तर पहिल्या दिवसापासून इथेच आहे."

"राहून गेलं," अमिषा तुटकपणे म्हणाली.

आणखी दोन-तीन प्रश्न झाल्यावर ती चहाच्या निमित्ताने दारापर्यंत गेली. तिथे कमळ पोह्यांच्या बश्या घेऊन उभीच होती. लेकीचा चेहरा तिने बरोबर ओळखला. हळूच म्हणाली, "दुसऱ्यानं आपल्या चुलीत डोकावलं की राग येतोच गो. माज्या चुलीत तुजी आत्या पयल्यांदा शिरली तवा मनापन राग आलेला. पन मी बालंतपनाला गेले तेव्हा ह्या घराला तिनंच जेवाला घातलं."

अमिषा बशी घेऊन परत आली. प्लॅस्टिकची खुर्ची ओढून ती साहिलच्या शेजारी बसली. "आणखी कुठे काय खटकलं? सांग."

ते दोघे पुढे कितीदा तरी असे बसले. कधी तो इकडे येई, कधी ती तिकडे जाई. त्याची कामे तिने समजून घेतली, तिची त्याने. एकाने केलेला बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, असे ठरले. भांडणेही झाली. साहिलला तिची पद्धत लांबण लावणारी वाटे, तिला त्याची धसमुसळी. मग दोघे मिळून डॉक्टरांकडे गेले. परत आल्यावर अमिषाने पर्स माझ्यावर टाकली आणि गॅलरीतून खाली आईला सांगितले, "ठरलं! काम आपल्याकडेच राहिलं!" कमळने विचारले, "आनि साहिल जेवून जानार ना?"

पावसाळा संपता संपता घरची मंडळी नव्या जोडप्याला घेऊन पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला निघाली. दर वेळी अशा प्रसंगी अमिषा म्हणे, "तुम्ही जा, मला काम आहे." या वेळी तिने साहिलला फोन केला, "आज तू आहेस ना?" आणि गाडीत जाऊन बसली. फोन तिने नेला होता, पण संगणक बंद करून गेली.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्यावर कुणीही बसले नाही. मोडक्या खुर्चीला रिकामेपणाची भीती वाटते. गोदामात मला ती वाटली होती. पण हा रिकामेपणा वेगळा होता. खिडकी उघडी होती. वारा येत होता. माझ्या पाठीवर ऊन पडले आणि हळूहळू सरकत निघून गेले.

संध्याकाळी मंडळी परत आली. अमिषा वर आली आणि सवयीने बसली. संगणक सुरू केला. साहिलचा निरोप होता. दुपारी केंद्रात पाळ्यांचे पान उघडत नव्हते, सिस्टरनी त्याला फोन केला, त्याने ते ठीक केले, सगळ्यांचे डायलिसिस झाले. "तुला सांगण्यासारखं काही नव्हतं," त्याने शेवटी लिहिले होते.

मला वाटले होते, ती आनंदाने गिरकी घेईल. तसे झाले नाही. आपल्यावाचून काही अडले नाही, हे ऐकायला गोड असले तरी पहिल्यांदा ते थोडे टोचते. तिने तो निरोप पुन्हा एकदा वाचला. खाली रुचिका ताटे मांडत होती. पूर्वी अमिषाला जेवायला तीनदा हाक मारावी लागे. आज पहिली हाक आली आणि तिने संगणक बंद केला.

माझ्या जातीच्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आम्हाला जपा, पुसा, तेल घाला. तेही करा. माझ्या चाकांतली रेती कुणी काढली तर मला हवेच आहे. पण माझे मागणे वेगळे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले कित्येक असेच एकट्याने खोलीत बसून काम करतील. तुम्ही ज्या खुर्चीवर बसाल, तिच्यावर दुसऱ्या कुणाला तरी बसायला शिकवा. त्याला तुमच्या चुका दिसल्या तर दिसू द्या. आणि तुमच्या घरात कुणी दिवसभर बसून काम करत असेल, तर ते नुसते बसले आहे असे समजू नका. त्या माणसावर किती जणांचा भार आहे ते आम्हालाच ठाऊक असते.

आणि वेळ झाली की आमच्यावरून उठा. आम्हाला वाईट वाटत नाही. अमिषाची पावले जिन्यावरून खाली गेली, खाली हशा उठला, आणि मी अंधारात एकटीच थोडीशी फिरले.